चित्रात काही नसल्याचा दाखला

कागदावर ॲक्रिलिकचा रंग ओतायचा, त्यावरून जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवायचं, रंग अर्धवट ओला असताना वर मीठ भुरभुरायचं आणि सगळं वाळलं की ते मीठ खरवडून काढायचं, याला कलेच्या भाषेत प्रयोग म्हणतात. आमच्या घरी याला ‘मीठ पुन्हा संपलं’ असं म्हणतात.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, हा प्रयोग मी पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत चालवला आहे. माझी चित्रं अमूर्त असतात. त्यांत डोंगर नसतो, झोपडी नसते, डोंगराआडून अर्धा उगवलेला सूर्य नसतो. हे लोकांना समजावून सांगण्यात माझी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी त्यांना समजलं, फक्त त्यांनी ते आपल्या शब्दांत मांडलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नवनाथ धात्रक बरोबर आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले की गांगुर्डे साहेबांच्या चित्रांत काहीच नसतं. समोरच्या दारातले पुंजाआप्पा अहिरे नामपूरचे. उभा जन्म कांद्यात गेला, आता मुलाकडे राहायला आले आहेत. ते रोज सकाळी आमच्याकडे चहाला येत, नव्या चित्रासमोर देवळात उभं राहावं तसे क्षणभर उभे राहत आणि मग आज कपडे वाळतील का, असं विचारत. माझी पत्नी सुमन शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिने माझ्या कलेविषयी तीन वर्षांत एकच मत दिलं आहे, ते म्हणजे काम झालं की टेबल पुसून ठेवा.

अशा रसिक मंडळींच्या सहवासात माझी चोवीस चित्रं तयार झाली आणि माळ्यावर जाऊन पडली. यंदा उन्हाळ्यात सुमनने माळा आवरायला काढला आणि सांगितलं की तिथे एकतर गोधड्या राहतील, नाहीतर चित्रं. गोधड्यांचा उपयोग तिला ठाऊक होता. म्हणून मी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. थोर कलावंतांनी पहिलं प्रदर्शन का भरवलं याची बरीच कारणं माझ्या वाचनात आहेत. त्यांत गोधड्या कुठे आल्या नव्हत्या, पण असो.

पहिली अडचण अशी निघाली की चित्रं सपाट नव्हती. कागदावर एवढं पाणी आणि रंग ओतला की तो वाळताना पापडासारखा वळतो. फ्रेमवाल्याने एक चित्र हातात घेतलं, ते सोडल्यावर पुन्हा गुंडाळी होऊन बसलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की आधी याला झोपवून आणा. ही बातमी सोसायटीत पोचायला दुपार पुरली. धात्रकांनी वर येऊन इस्त्रीचा सल्ला दिला. सल्ला देण्याचा त्यांचा अधिकार सोसायटीच्या उपविधीत नसला, तरी तो आहे असं समजून सगळे वागतात. मी सर्वांत लहान चित्र घेतलं, सुमनची इस्त्री तापवली आणि फिरवली. ॲक्रिलिकचा रंग म्हणजे मुळात प्लास्टिक, ही गोष्ट मला तात्त्विक पातळीवर माहीत होती. इस्त्री उचलली तेव्हा कागद स्वच्छ पांढरा होता, अगदी सपाट होता, आणि ‘अनाम चार’ हे चित्र इस्त्रीवर होतं. त्याची एक आवृत्ती पुढे माझ्या लग्नकार्याच्या शर्टावरही निघाली.

मग पुंजाआप्पांनी मार्ग दाखवला. त्यांच्या घरात पत्र्याची मोठी कोठी आहे, वर्षाच्या गव्हाने गच्च भरलेली. तिच्याखाली ठेवलं तर डोंगरसुद्धा सपाट होईल, असं त्यांचं म्हणणं. उरलेली तेवीस चित्रं आम्ही एकावर एक रचली, वर फळी ठेवली आणि चौघांनी मिळून कोठी तिच्यावर चढवली. मे महिना होता. चित्रांच्या मध्ये साधे कागद घालावेत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, आणि त्या चौघांत कलावंत मी एकटाच होतो, हे सुमनने नंतर कुठलीही टीका न करता, फक्त माहिती म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी चित्रं निघाली ती सपाट होती, याबद्दल वाद नाही. ती एकमेकांना चिकटलीही होती. सोडवताना तीन पार गेली. त्यांतलं ‘अनाम तेरा’, जे माझ्या मते माझं सर्वांत उंचीचं काम होतं, ते जवळजवळ सगळं ‘अनाम चौदा’वर जाऊन बसलं. चौदा नंबरावर आता तपकिरी खपल्यांचा थर होता, दोन ठिकाणी रंग उखडून कागदाचा पांढरा दिसत होता, आणि मधून एक निळसर ओघळ गेलेला. बघवत नव्हतं. मी ते फेकणारच होतो. पण ज्या कलादालनात प्रदर्शन भरवायचं होतं, तिथला नियम होता की चित्रं किमान वीस हवीत. माझ्याकडे मोजून वीस उरली होती. चौदा नंबर भरतीला म्हणून राहिला.

कलादालनाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचं आहे. तिथल्या टेबलावर बुद्धभूषण केदारे नावाचा तरुण कारकून होता. अत्यंत नम्र. नम्र कारकून हा काय प्रकार असतो, हे मी तीस वर्षं स्वतः तो प्रकार असल्यामुळे जाणतो. त्याने माझा अर्ज वाचला आणि ‘चित्राचा विषय’ या रकान्यावर पेन्सिल टेकवली. वीसही ठिकाणी तो रिकामा होता.

“सर, चित्रांत काय आहे?”

“अमूर्त आहेत ती. त्यांत काही नाही.”

“मग तसं लिहून द्यावं लागेल,” तो म्हणाला. “काही नाही म्हणून.”

त्याने समजावून सांगितलं. विषय लिहिला असेल तर विषय बघून परवानगी मिळते. विषय नसेल तर चित्रात कुठली व्यक्ती, जात, धर्म, पक्ष किंवा प्राणी नाही, असं हमीपत्र लागतं. आणि ते चित्रकाराने देऊन चालत नाही, कारण चित्रकार काय, काहीही म्हणेल. प्रभागातल्या दोन प्रतिष्ठित नागरिकांनी प्रत्येक चित्र प्रत्यक्ष पाहून, त्यात काहीही आढळलं नाही, असं सहीनिशी लिहून द्यायचं. मला खरं तर राग यायला हवा होता. पण तीस वर्षं लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवलेल्या माणसाला चांगलं काम समोर दिसलं की दाद द्यावीशी वाटते.

घरी सुमन म्हणाली की सगळीकडे ‘निसर्ग’ लिहून मोकळे व्हा. मी तिला सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तीन वर्षं ज्या चित्रांत काही नाही असं मी जीव तोडून सांगितलं, त्यांत एका सरकारी रकान्यासाठी निसर्ग घुसवणार नाही. शिवाय काळजी कसली होती? दोन नागरिक तयार होते. धात्रक आणि पुंजाआप्पा. चित्रांत काही नसतं हे दोघंही मला रोज फुकट ऐकवत होते, आता फक्त सही करायची होती.

रविवारी सकाळी दोघांना बोलावलं. चहा, चिवडा, दिवाणखान्यात भिंतीला लावून वीस चित्रं. धात्रकांनी पेन हातात घेतलं, आणि हातात पेन आल्याबरोबर त्यांची दृष्टी पालटली. तीन नंबरच्या चित्रात त्यांना एका पक्षाचं चिन्ह दिसलं. सातमध्ये शेळी दिसली, तीही गाभण. अकरामध्ये एक गृहस्थ पाठमोरे बसलेले होते आणि त्यांनी पाठमोरं का बसावं, हा धात्रकांना संशयास्पद मुद्दा वाटला. ज्या माणसाला तीन वर्षांत काही दिसलं नाही, त्याला चिवडा संपेपर्यंत निम्मं प्राणिसंग्रहालय दिसलं. कलेने माणसाची नजर तयार होते म्हणतात ते हेच असावं. नऊ नंबरसमोर मात्र ते थबकले, माझा हात धरून मला खाली आपल्या घरी घेऊन गेले आणि मागच्या खोलीचं छत दाखवलं.

छतावर नऊ नंबर होता. तोच मोरपंखी, तीच पसरत गेलेली कड, मध्ये तशीच पिवळी झाक. तीन वर्षं मी ब्रश धुतलेलं पाणी बाल्कनीच्या फरशीतून झिरपून तिथे उतरलं होतं. खरं सांगतो, माझ्यापेक्षा ते सरस होतं. हे मी बोललो नाही, कारण धात्रक तेव्हा पाणीगळती हा शब्द वेगवेगळ्या आवाजांत म्हणत होते.

तडजोड अशी झाली की मी बाल्कनीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं. गवंडी आले, फरशी फुटली, माझे रंग न्हाणीघरात आणि आंघोळीची बादली स्वयंपाकघरात गेली. पंधरा दिवसांनी छत सुकलं, तेव्हा धात्रक पुन्हा वर आले आणि त्यांनी उभ्याउभ्या वीस चित्रांत काहीही आढळलं नसल्याबद्दल वीस सह्या केल्या. शेळीसुद्धा गेली होती.

राहिले पुंजाआप्पा. त्यांनी चष्मा लावला, एकेका चित्रासमोर बसून सावकाश एकोणीस सह्या केल्या, आणि चौदा नंबरपाशी पेन खाली ठेवलं.

“साहेब, ह्याच्यात वावर हाय,” ते म्हणाले.

“आप्पा, तो उखडलेला रंग आहे. तुमच्या कोठीखाली झालंय ते.”

“वावर बी उखडलेलंच हाय. कांदा काढल्यावर असंच दिसतं.”

मग त्यांनी बोट न टेकवता, लांबूनच दाखवलं. तपकिरी म्हणजे ढेकळं. पांढरं म्हणजे काढून ठेवलेल्या कांद्याचे ढीग. निळा ओघळ म्हणजे विहिरीवरून येणारा पाट. नामपूरचं त्यांचं वावर, वाटणी व्हायच्या आधीचं. वाटणीनंतर विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून ते आणि त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी यांच्यात बिनसलं. पुढे ती विहीरही आटली आणि बुजून गेली. अकरा वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. पुतणीच्या लग्नातसुद्धा एक मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. हे सगळं त्यांनी, कपडे वाळतील का विचारावं, त्याच आवाजात सांगितलं. आणि म्हणाले की बाकी कुठंही सही करतो, पण इथे काही नाही असं खोटं लिहून द्यायचं नाही.

आता माझी अवस्था बघा. तीन वर्षं मी वाट पाहत होतो की कुणीतरी माझ्या चित्रासमोर उभं राहील आणि त्याला काहीतरी दिसेल. तो माणूस अखेर आला. त्याला दिसलं ते नेमकं मी न काढलेल्या चित्रात, आणि ते दिसत नाही असं त्याला पटवून देण्याचं काम माझ्याकडे आलं. विसांतलं एक गेलं की प्रदर्शनच गेलं. मी ते काम मन लावून केलं. तीन दिवस रोज सकाळी आप्पांना अमूर्त कलेवर व्याख्यान दिलं. आकार हा आभास आहे, नजर जुन्या सवयी चित्रावर लादते, असं बरंच काही. इतकं चांगलं मी कधीच बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी आप्पांनी चहाचा कप ठेवला, चित्राकडे पाहिलं आणि पेन मागितलं.

“आणा इकडं. तुमचं काम अडायला नको,” ते म्हणाले. “लिहितो, काही नाही म्हणून.”

त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले. काच स्वच्छच होती. ते पुसतच राहिले. मी काही हळवा माणूस नाही, पाटबंधारे खात्यात तशांचं निभत नाही. पण मी तो कागद त्यांच्या गुडघ्यावरून उचलला आणि म्हणालो की राहू द्या, बघू दुसरं काही. आप्पा गेल्यावर सुमनने टेबल पुसलं. माझ्याऐवजी तिनेच पुसलं, हे मी लक्षात ठेवलं आहे.

“विषय लिहा ना त्या एकाचा,” ती म्हणाली. “त्यांना दिसतंय ते काय तुमच्या तत्त्वापेक्षा कमी आहे का?”

दुसऱ्या दिवशी मी चौदाच्या रकान्यात ‘नामपूर येथील शेत, वाटणीपूर्वीचे’ असं लिहून बुद्धभूषणसमोर ठेवलं. तो मनापासून खूश झाला. मग त्याची पेन्सिल पुन्हा टेकली. शेत खाजगी आहे का? आहे. मग मालकाची ना हरकत लागेल. शेत आता दोन नावांवर असेल तर दोघांची. मी त्याच्याकडे पाहिलं. या मुलाला आमच्या खात्यात घेतलं असतं तर एकही कालवा पूर्ण झाला नसता, इतका तो गुणी होता.

पुंजाआप्पांनी आपली ना हरकत आनंदाने दिली आणि चिमाजींचं नाव निघताच खिडकीबाहेर बघू लागले. म्हणून मी नामपूरची एसटी धरली. चिमाजी अहिरे ओट्यावर बसले होते, हुबेहूब आप्पांसारखे, फक्त टोपी जास्त कडक. मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि परत दिला. म्हणाले, न बघता सही करणारा माणूस मी नव्हे. थोरल्याने चित्रात काय काय सांगून ठेवलंय कोण जाणे. विहीर त्याच्या बाजूला सरकवली असेल तर उद्या तोच कागद पुरावा म्हणून पुढे येईल. मी शपथेवर सांगितलं की त्यात विहीर नाही. त्यावर त्यांचा संशय पक्का झाला. वावर काढलं आणि विहीर काढली नाही, म्हणजे मुद्दामच काढली नाही, असं म्हणून त्यांनी मला भाकरी खायला बसवलं आणि शनिवारी स्वतः येतो म्हणून सांगितलं.

शनिवारी उद्घाटन होतं. बुद्धभूषणने नियमातून वाट काढली. सही होईपर्यंत चौदा नंबर भिंतीवर राहील, पण वर्तमानपत्राने झाकलेला. परिणाम असा झाला की जे तीसचाळीस लोक आले, ते सगळे त्या वर्तमानपत्रासमोर उभे राहिले. उरलेल्या एकोणीस चित्रांकडे पाठ. धात्रक त्यांना अधिकारवाणीने माहिती देत होते. चित्रकला शिकवणाऱ्या एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं की वर्तमानपत्र हा कलाकृतीचाच भाग आहे का, आणि नाही म्हटल्यावर ते निराश झाले. पुंजाआप्पा धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. भाऊ येणार आहे हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

साडेअकराला चिमाजी आले. हातात कापडी पिशवी. बाकाकडे न बघता ते सरळ चित्रासमोर गेले. बुद्धभूषणने एका हातात अर्ज धरून दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र उतरवलं. चिमाजी बघत राहिले. मागून आप्पा उठून आले आणि दोन हात अंतर ठेवून उभे राहिले.

चिमाजी मला म्हणाले की त्यांना सांगा, पाट बरोबर आहे, पण विहीर उजवीकडे होती. त्या पांढऱ्या ढिगाच्या पलीकडे. आप्पा मला म्हणाले की त्यांना सांगा, विहीर डावीकडच्या ढिगापाशी होती, मी स्वतः खणायला उतरलो होतो. मी दोन्हीकडे निरोप पोचवले, जरी दोघांच्या मध्ये जेमतेम दोन हात जागा होती. दोनतीन निरोपांनंतर त्यांना माझी गती कमी पडू लागली.

“आठे शे विहीर,” आप्पा थेट अहिराणीत म्हणाले आणि त्यांनी डावा ढीग दाखवला.

“नही. तठे शे,” चिमाजींनी उजवा दाखवला. “तू मुंबईले गयथा तवय. तुले काय याद?”

अकरा वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं ते हे. मग बरंच झालं. चिंचेचं झाड, मोटेचं थारोळं, एक म्हातारा बैल, आईने पाटात धुतलेली घोंगडी. दोघंही काचेवर बोटं टेकवून बोलत होते आणि लोक गप्प ऐकत होते. धात्रकसुद्धा. शेवटी दोघंही एकदम माझ्याकडे वळले.

“तुम्ही काढलंय ना साहेब?” चिमाजी म्हणाले. “मग तुम्हीच सांगा. विहीर कुठंय?”

उत्तर सोपं होतं. त्यात विहीर नव्हती. वावरही नव्हतं. त्यात एक गव्हाची कोठी, मे महिना आणि माझा निष्काळजीपणा होता. एकोणीस चित्रांसाठी हे मी लेखी दिलं होतं, दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सहीनिशी. बुद्धभूषण पेन उघडून उभा होता. आप्पा माझ्याकडे बघत होते.

दोन पांढऱ्या ढिगांच्या बरोबर मधोमध, निळा ओघळ जिथून सुटला होता तिथे, मी बोट ठेवलं.

“इथे,” मी म्हणालो.

चिमाजी वाकले. नाक काचेला लागेपर्यंत वाकले. आप्पाही शेजारून वाकले, दोघांच्या टोप्या एकमेकींना लागल्या.

“बरोबर हाय,” चिमाजी म्हणाले. “पण पाणी लय कमी दाखवलंय.”

“उन्हाळा शे ना,” आप्पा म्हणाले.

यावर चिमाजींनी थोडा विचार केला, मान हलवली आणि बुद्धभूषणच्या हातातून पेन घेतलं.